दहा नंबरचं मशीन

डॉक्टरसमोर माणूस थोडंफार खरं बोलतो, कारण जीव त्याचाच असतो. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यासमोर मात्र कोणीच खरं बोलत नाही. "काहीच नाही केलं भाऊ, आपोआपच बंद पडला," हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतो आहे. एका कार्यालयातल्या बाबूने मे महिन्यात सीपीयूवर ओलं पोतं टाकलं होतं, गरम होऊ नये म्हणून. पोत्यातून पाणी टपकत होतं आणि बाबू मला विचारत होता की व्हायरस तर नसेल ना. एका किराणावाल्याने प्रिंटरची शाई संपली म्हणून त्यात स्टॅम्पपॅडची शाई ओतली आणि वर मलाच म्हणाला, रंग तर तोच आहे.

असे किस्से माझ्याकडे ढिगाने होते. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एसटीची वाट पाहताना, चार डोकी दिसली की मी सुरू होत असे. लोक पोट धरून हसायचे. मला ते आवडायचं. ज्यांच्यावर हसायचे ते हसण्याच्याच लायकीचे आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

मी गोंदियाजवळ फुलचूरला राहतो, पण माझी बरीच गिऱ्हाइकं गोरेगावच्या बाजूची. त्यात एक टायपिंगची संस्था होती. बाजाराच्या रस्त्याला, राईस मिलच्या मागे, दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल आणि कपाट, आतल्या खोलीत वर्ग. चालवणाऱ्या बाई साठीला आलेल्या. त्यांना सगळं गाव मॅडम म्हणायचं, त्यांचे यजमानसुद्धा. टाइपरायटरची खडखड होती तेव्हापासून त्या वर्गावर उभ्या होत्या. परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हा त्यांनी टाइपरायटर विकून दहा कॉम्प्युटर घेतले आणि त्यांना मशिनीच म्हणत राहिल्या. एक नंबरची मशीन, दोन नंबरची मशीन. त्यांच्यासोबत तिशीतली एक धाकटी शिक्षिका होती, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. आसपासच्या खेड्यांतून मुली सकाळच्या एसटीने यायच्या, हात धुऊन बसायच्या. मॅडमच्या वर्गात हात न धुता कीबोर्डला शिवायची बंदी होती. याचाही मी बाहेर किस्सा केला होता.

त्या वर्षी परीक्षा घेणाऱ्या खात्याचं पत्र आलं. नवं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवरच चालणार, तेव्हा सगळ्या मशिनींवर नवी सिस्टिम टाका. शुक्रवारी तपासणीला साहेब येतील. प्रत्येक मशीनच्या आतल्या मदरबोर्डचा नंबर अर्जात आधीच भरून घेतला होता. तोच बोर्ड, तोच नंबर, दहाच्या दहा चालू. एक जरी बंद दिसलं तर मान्यता थांबणार. म्हणजे शेजाऱ्याकडून एखादा कॉम्प्युटर मागून आणून ठेवायची सोयही राहिली नव्हती.

मॅडमने मला फोन करून बोलावलं. पत्र माझ्या हातात दिलं आणि मी वाचत असतानाच म्हणाल्या, "भाऊ, वर्ग गेला तं मी घरी बसून काय करू? मले दुसरं काहीच येत नाही."

"मॅडम, विंडो मारणं म्हणजे काही धानाची रोवणी नाही, पाण्याची वाट पाहत बसायला," मी म्हणालो. सिस्टिम टाकण्याला आमच्याकडे विंडो मारणं म्हणतात. "सोमवारी सुरू करतो, बुधवारी चहा पाजा."

सोमवारी आणि मंगळवारी मी एक ते नऊ नंबर उरकले. जुनं पुसलं, नवं टाकलं, चालवून पाहिलं. मुली मागे उभ्या राहून पाहायच्या आणि मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात धाकट्या शिक्षिकेला सांगायचो की हे काम गोंदियातल्या कोणाला दिलं असतं तर आठवडा घेतला असता. फुशारकीला माझ्याकडे कधी दुष्काळ पडला नाही.

बुधवारी सकाळी दहा नंबरला बसलो. हे मशीन मॅडमच्या खुर्चीला लागून होतं. सगळ्यात जुनं, पण त्यांचं लाडकं. जुनी सिस्टिम पुसून नवी टाकायला लावली आणि ते तेवीस टक्क्यांवर थांबलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, जागचं हलेना. बंद करून पुन्हा लावलं. या वेळी एकसष्टपर्यंत गेलं आणि पडदा निळा झाला. तिसऱ्यांदा आठवरच अडलं आणि एक फाइल खराब आहे असा निरोप आला. त्याच पेनड्राइव्हने नऊ मशिनी झाल्या होत्या, तरी मी पेनड्राइव्हला शिव्या घातल्या आणि दुसरा लावला. मग हार्ड डिस्कची वायर बदलली. मग हार्ड डिस्कच बदलली. दुपारपर्यंत मी तेच करत होतो आणि ते मशीन दर वेळी नव्या ठिकाणी बसकण मारत होतं.

खरं तर इथेच मला कळायला हवं होतं. दर वेळी एकाच जागी अडलं तर पेनड्राइव्ह नाहीतर डिस्क. दर वेळी वेगळ्या जागी अडलं तर बहुधा रॅम, नाहीतर करंट. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. रॅम म्हणजे वीतभरापेक्षा कमी लांबीच्या हिरव्या पट्ट्या. त्यांच्या खालच्या कडेला पिवळे सोनेरी दात असतात आणि ते बोर्डवरच्या खाचेत बसतात. पण दहा नंबरच्या त्या पट्ट्या सहा महिन्यांपूर्वी मी स्वतः आणून बसवल्या होत्या. मी बसवलेली वस्तू बिघडते, ही कल्पना माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

दुपारी मी वैतागून उठलो आणि भरल्या वर्गात विचारलं, "कोणत्या शहाण्याने हात लावला या मशिनीला?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. धाकट्या शिक्षिकेने मॅडमकडे पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर पाहिलं. मॅडम हजेरीचं पुस्तक उघडून बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. हे सगळं मी पाहिलं. पण बायकांच्या पाहण्यावरून मशीनमधला बिघाड शोधायचा असतो, असं मला कोणी शिकवलं नव्हतं.

"नाही ना सांगायचं? नका सांगू. मी काढतो शोधून," असं म्हणून मी त्या दिवसाचं काम बंद केलं.

गुरुवारी सकाळी करंट देणारा डबा बदलला. फरक नाही. मग नाइलाजाने रॅमवर आलो. नऊ नंबर दोन दिवस ठणठणीत चालत होतं, तेव्हा त्याच्या पट्ट्या काढून दहामध्ये बसवल्या. पुन्हा चाळिसाच्या आसपास अडलं. म्हणजे रॅमचा दोष नाही, असं मी मोठ्याने जाहीर केलं. चष्मा खिशात होता. तो लावून एकदा ती खाच पाहिली असती तर पुढचा सगळा तमाशा टळला असता. पण मुलींसमोर चष्मा लावून वाकून पाहायचं म्हणजे म्हातारपण दाखवणं, असं मला तेव्हा वाटत असे. पट्ट्या परत नऊमध्ये बसवल्या आणि चहाला गेलो.

चहा घेऊन आलो तर नऊ नंबर निळं पडलं होतं.

सुरू केलं, पुन्हा पडलं. आता एकाचे दोन झाले होते आणि हातात एक दिवसही उरला नव्हता. मला घाम फुटला. घाम फुटला की माझी जीभ जास्त चालते. मी राईस मिलला दोष दिला, विजेच्या तारांना दोष दिला, मुलींच्या डोक्याच्या तेलालाही दोष दिला. मॅडम एकदा नऊकडे बघत, एकदा दहाकडे आणि पदराने हात पुसत. हात तर कोरडेच होते.

शेवटी मी गोंदियातल्या एका इंजिनिअरला बोलावलं. स्वतःला इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसाचा मला मनापासून तिटकारा आहे, पण वेळच तशी आली होती. हा मोटरसायकलवरून आला, गॉगल डोक्यावर चढवला, दोन्ही मशिनी एकेकदा सुरू केल्या, बंद केल्या आणि म्हणाला, "भैया, दोनों बोर्ड गये. लाइट का झटका है. नया डालना पड़ेगा." त्याने झाकणसुद्धा काढलं नाही. मी त्याला बोर्डच्या नंबराचं सांगितलं तर म्हणाला, "तो फिर भगवान मालिक." आणि गॉगल डोळ्यांवर ओढून निघून गेला. लाजेची गोष्ट अशी, की मीही मनातल्या मनात तेच निदान केलं होतं. त्याने दहा मिनिटांत केलं, मला दोन दिवस लागले.

नवा बोर्ड म्हणजे नवा नंबर, नवा नंबर म्हणजे अर्ज खोटा. मॅडमला ते सांगायला लागलं नाही. त्या मुलींच्या स्टुलावर बसल्या. त्यांना खुर्चीशिवाय कुठे बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने उठून त्यांनी मुलींना घरी जायला सांगितलं, धाकट्या शिक्षिकेलाही जायला सांगितलं आणि वर्गाचं दार लावून घेतलं. चार वाजून गेले होते. त्यांनी आपल्या टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि शिलाई मशीनच्या तेलाची एक छोटी बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

"भाऊ, रविवारी म्या दहा नंबर साफ केली."

"साफ केली म्हणजे?"

"उघडली. टूथब्रशनं धूळ काढली. मंग त्या पट्ट्या काढून त्याच्या पिवळ्या दातायले तेल लावलं. खाचेतही एक एक थेंब देल्ला. थोडसंच. बोटानं."

त्या सांगत होत्या आणि त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा अजिबात नव्हता. टाइपरायटरच्या दिवसांत परीक्षेच्या आधीच्या रविवारी त्या सगळ्या मशिनी उघडायच्या. रॉकेलने अक्षरं धुवायच्या, ब्रशने घासायच्या, जिथे धातूला धातू लागतो तिथे तेलाचा थेंब द्यायच्या. तेल नाही मिळालं तर दात अडकायचे आणि ऐन परीक्षेत एखाद्या मुलीचं अक्षर उठायचंच नाही. त्यांच्या वर्गात तसं एकदाही होऊ दिलं नाही, म्हणून तर पोरी दूरदूरच्या गावांतून त्यांच्याकडे येत. तपासणी आली, तेव्हा त्यांनी आपल्या लाडक्या मशीनची सेवा केली. धाकटी शिक्षिका तेव्हा तिथेच होती, तिने त्यांना टॉर्च धरून दिला. बाकीच्या नऊ मशिनी परीक्षेच्या आधीच्या रविवारी करायच्या ठरवल्या होत्या.

टाइपरायटरला जे औषध, ते इथे विष. सोन्याच्या त्या दातांना कोरडा स्पर्श लागतो. मध्ये तेलाचा पापुद्रा आला आणि त्यावर राईस मिलचा कोंडा, जो त्या खोलीत हवेसारखा भरलेला असतो, तो चिकटला. कधी संपर्क होई, कधी तुटे. नऊ नंबरला तो रोग कोणी नेला, हे मला आता कोणी सांगायची गरज नव्हती. मीच त्याच्या पट्ट्या त्या तेलकट खाचेत बुडवून परत त्याच्या घरी नेऊन बसवल्या होत्या.

"मग काल का नाही सांगितलं?" मी ओरडलोच. "दोन दिवस गेले ना माझे!"

"तुमी इचारलं का भाऊ? तुमी तं कोणत्या शहाण्यानं म्हणलं." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तुमी सगळ्यायचे किस्से सांगता. त्या पोत्यावाल्याचा सांगतला तवा मीही हासली. म्हणून भेव लागला. माह्या पोरी मले हासल्या, तं त्याइच्यासमोर उभी कशी राहू? हे कोणाले सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हणालो.

"पोरींच्या शपथेवर?"

"शपथेवर."

मेडिकलमधून स्पिरिट आणलं. चष्मा लावला. पट्ट्यांच्या दातांवर काळपट चिकट मेण जमलं होतं, नखाने निघत होतं. स्पिरिटने पुसलं, खोडरबरने घासलं, पुन्हा पुसलं. दोन्ही मशिनींच्या खाचा त्याच टूथब्रशने धुतल्या. मॅडम टॉर्च धरून होत्या आणि त्यांचा हात हलत नव्हता. सगळं वाळू दिलं, पट्ट्या बसवल्या आणि दहा नंबर लावलं. तेवीस गेलं. मॅडम आकडे मोठ्याने म्हणू लागल्या, वर्गात शब्द म्हणून दाखवायच्या तसे. एकसष्ट गेलं. ऐंशीला त्या गप्प झाल्या. शंभर झालं तेव्हा अजून बाहेर उजेड होता. नऊ नंबरही बिनतक्रार चाललं. मॅडम खुर्चीत बसल्या आणि रडल्या. मला खरंच आनंद झाला. तेवढी एक गोष्ट या सगळ्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखी आहे.

शुक्रवारी तपासणीचे साहेब आले. त्यांनी दहा मशिनींचे नंबर कागदाशी ताडून पाहिले, सगळ्या सुरू आहेत ना एवढं विचारलं, एकाही कीबोर्डवर एक अक्षर टाइप केलं नाही, आणि मग अर्धा तास पोहे खात संस्थेच्या बाहेर सांडपाण्याचा निचरा कसा नाही यावर बोलले. असल्या माणसाच्या सहीवर एका बाईचं आयुष्य टांगलेलं असतं, याची मला चीड आली. पण सही झाली.

मी तिथून निघालो तेव्हा बारा वाजले होते. बसस्टँडजवळच्या टपरीवर ओळखीची चार माणसं बसली होती. काय भाऊ, काय नवीन, असं त्यातल्या एकाने विचारलं. मी अर्धा ग्लास चहा होईपर्यंत धीर धरला. मग तेलाची गोष्ट सांगितली. बोटाने तेल लावण्याची नक्कल केली, इंजिनिअरसारखा गॉगल डोक्यावर चढवल्याचं दाखवलं, भगवान मालिक म्हणालो. चहावाल्याचा हात हसून हसून थरथरला. एवढं मोठं यश मला आधी कुठल्याच किश्शाला मिळालं नव्हतं. मी नाव घेतलं नाही, आणि नाव घेतलं नाही याचं मला स्वतःचं कौतुकही वाटलं. गोरेगावात टायपिंगची संस्था एकच आहे.

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. एका मशीनचा कीबोर्ड गेला होता. मी गेलो तर त्या पुढच्या खोलीत बसल्या होत्या आणि आत धाकटी शिक्षिका शिकवत होती. दार अर्धं लोटलेलं होतं. असं त्या वर्गात कधी होत नसे.

"आज वर्गावर नाही मॅडम?"

"गुडघे दुखून राह्यले," त्या म्हणाल्या. आतून एका मुलीचा हसू दाबल्याचा आवाज आला. मॅडमने तिकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "पोरींपर्यंत गेलं ते भाऊ. मी आत गेली की एक दुसरीले इचारते, तेल आणू का म्हणून. तुमी तं नाही ना सांगतलं कोणाले?"

आजवर इतक्या माणसांनी माझ्यासमोर उभं राहून काहीच नाही केलं भाऊ म्हटलं होतं आणि प्रत्येकाला मी मनात मूर्ख म्हटलं होतं.

"मी? मी कायले सांगू मॅडम?"

त्यांचा चेहरा मोकळा झाला. मला ते पाहवेना. "तेच म्हणलं मी. तुमी शपथ घेतली होती," त्या म्हणाल्या आणि आवाज खाली आणला. "मंग तिनंच सांगतलं असन. टॉर्च तिच्याच हातात होता. दुसऱ्या कोणाले माहीतच नोहतं. म्या तिले लेकराले चालाले शिकवावं तसं बोट धरून शिकवलं, अन् तिनं असं केलं."

बोलायला एवढा वेळ होता, की दोनदा खरं सांगून झालं असतं. मी कीबोर्ड कोणत्या मशीनचा आहे ते विचारलं. चार नंबरचा, त्या म्हणाल्या.

मी आत गेलो. धाकट्या शिक्षिकेने शिकवणं थांबवलं, स्वतःची खुर्ची उचलून चार नंबरपाशी आणून ठेवली आणि मुलींना म्हणाली, "सरांना काम करू द्या, गडबड करू नका."